पंखा न लावायची खोली

वहिनी गेली ही बातमी मला कुणी कळवली नाही. उलट ती मीच सगळ्यांना कळवत बसले होते, हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर, एकामागून एक फोन लावत. पलीकडून प्रत्येकजण विचारी, "कधी गेली गं?" आणि मला चटकन उत्तर देता येईना. कारण खरं सांगायचं तर ती नेमकी कधी गेली हे आम्हालाही माहीत नव्हतं. सकाळी टेबलाशी काम करता करता खुर्चीवरून घसरली तेव्हा, की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासून मान हलवली तेव्हा, की दादाने सही केली तेव्हा... "आज दुपारी," असं मी सगळ्यांना एकच ठोकून दिलं आणि त्या प्रश्नातून सुटका करून घेतली. आता दीड महिना होत आला, पण सुटका काही झालेली नाही. हा प्रश्न मुळात तिचाच होता. जिवंत की मेलेलं, हे ठरवण्यात तिने अख्खं आयुष्य घालवलं होतं.

अरुणा माझ्या थोरल्या भावाची बायको. ठाण्याच्या एका कॉलेजात तिने प्राणिशास्त्र शिकवलं, पण तिचा जीव अडकलेला होता तो समुद्राच्या तळाच्या चिखलात. त्या चिखलात फोरॅमिनिफेरा नावाचे जीव राहतात, त्यांच्यावर तिचा अभ्यास. एकच पेशी, वाळूच्या कणाएवढी किंवा त्याहूनही लहान. मी एकदा त्यांना जंतू म्हणाले तर तिने मला समोर बसवून सुनावलं होतं, की जंतूच्या पेशीत केंद्रक नसतं, यांच्यात असतं, तुझ्यामाझ्यासारखं, तेव्हा नात्याने हे जंतूंपेक्षा आपल्याला जवळचे. हे जीव स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात, खोलीला खोली जोडत जातात. फार खोल गेलं की तिथल्या पाण्यात चुना विरघळतो, मग तिथले पठ्ठे चिखलाचे कण चिकटवून घर करतात, नाहीतर नुसत्या एका मऊ पिशवीत राहतात. उजेड नाही, डोक्यावर चार-चार किलोमीटर पाणी, थंडी अशी की विचारू नका, आणि खायला काय, तर वरच्या पाण्यात मेलेल्यांचा जो चुरा तळाशी पोचेल तो. आपल्या अरबी समुद्रात मधल्या खोलीवर एक पट्टा असा आहे म्हणे की तिथे पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथेही यांच्यातले काही राहतात आणि प्राणवायूऐवजी नायट्रेटवर भागवतात. वहिनी हे सगळं असं सांगायची की शेजारच्या बिऱ्हाडाचं कौतुक चाललंय असं वाटावं. "बघ ना, कशात काही नसताना कसा संसार केलाय," म्हणायची, आणि मी म्हणायची की आमच्या दादाशी संसार करण्यापेक्षा सोपा असणार.

ती मूळची साताऱ्याकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, पोहायला कधी आलंच नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आमच्या घरी आली तेव्हा मी घरातच होते. माझं लग्न व्हायचं होतं. आम्ही कोपर स्टेशनच्या बाजूला राहत असू, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे गॅलरी असलेली एक लहानशी तिसरी खोली. ती तिसरी खोली मला मिळणार असं घरात बोललं जात होतं. वहिनीने सूक्ष्मदर्शक आणला आणि खोली तिची झाली. मी आठवडाभर फुगून बसले. मग एका दुपारी तिने मला त्या नळीतून बघायला लावलं. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगाची इतकी सुबक, इतकी नाजूक कवचं मांडलेली होती... कुणाला गोगलगायीसारखं वेटोळं, कुणाची द्राक्षाच्या घोसासारखी गोळ्यांची उतरंड. "ही सगळी मेलेली," ती म्हणाली, "आणि हे एक जिवंत होतं." त्या एकात गुलाबी रंग भरला होता. त्यानंतर मी त्या खोलीचा विषय काढला नाही.

चिखल वर आला की त्यात एक रंग घालतात, रोझ बेंगाल त्याचं नाव. कवचाच्या आत पेशीचा द्रव शिल्लक असेल तर तो रंग त्यावर चढतो. रिकामं कवच पांढरं राहतं. म्हणजे गुलाबी ते जिवंत, पांढरं ते मेलेलं, असा हिशेब. मग चाळलेला चिखल सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा आणि एक एक कण बारीक ब्रशाच्या टोकाने उचलून वेगळा करायचा. तांदूळ निवडण्यासारखं काम, फक्त खडे जिवंत. वहिनीला हातमोजे आवडत नसत, हाताला कळत नाही म्हणायची, त्यामुळे तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं बाराही महिने टोकाशी गुलाबी असत. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने आलेल्या बायका तिला विचारत, की तुमच्याकडे कसलं व्रत आहे का. आई परस्पर सांगून मोकळी व्हायची, हो, आहे.

निवडून वाळत ठेवलेली कवचं इतकी हलकी, की जोरात श्वास सोडला तरी उडून जातील. म्हणून त्या खोलीचा एक नियम झाला. वहिनी टेबलाशी असो वा नसो, तिथे पंखा लावायचा नाही. वैशाखातसुद्धा नाही. आणि तिथे शिंकायचं नाही. शिंक आली की धावत गॅलरीत जायचं आणि बाहेर तोंड करून शिंकायचं. आता डोंबिवलीत राहून शिंकायचं नाही म्हणजे जरा कठीणच, कारण वारा कारखान्यांच्या बाजूने आला की त्या वासाने आईला एका दमात पाच-सहा शिंका येत. पण आईनेही नियम पाळला. भाजी निवडता निवडता वहिनीशी बोलायला खोलीत जायची, आणि मधेच पदर तोंडाला लावून गॅलरीकडे पळायची. दादा घामाने भिजलेल्या बनियनमध्ये तिथे पेपर वाचत बसे. बाहेरच्या खोलीत पंखा गरगर फिरत असताना हा इथे का बसतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नसतं.

आई आणि वहिनीचं मेतकूट कसं जमलं ते सांगायला पाडव्याची गोष्ट सांगावी लागेल. समुद्राचा चिखल धुऊन चाळून वाळवला की मागे जी पूड राहते ती पांढरीशुभ्र असते, निव्वळ या जिवांची कवचं. मोजून झालेली अशी एक बाटलीभर पूड वहिनीने खोलीतून आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली होती, कॉफीच्या रिकाम्या बाटलीत. पाडव्याला पहाटे उठून आईने सडा घातला, ती बाटली उचलली आणि दारासमोर झकास कमळ काढलं, बाजूला गोपद्मं, वर हळदकुंकू. रांगोळी यंदा जरा भरड आहे पण चिमटीतून सरसरीत पडते, असंही म्हणाली. वहिनी न्हाऊन बाहेर आली तर फळीवर रिकामी बाटली. दादाचा चेहरा उतरला, मी आता काय होतंय म्हणून भिंतीला टेकले. वहिनी भिंग घेऊन उंबऱ्याशी उकिडवी बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, रेघ काय सुंदर आलीय."

मग तिने ते काय आहे ते सांगितलं. आईला संशोधनाचं नुकसान झालं याचं काही वाटलं नाही, वहिनीनेच नुकसान नाही म्हटलं होतं. आईला धक्का बसला तो वेगळाच. सणाच्या दिवशी दारात मेलेल्यांची हाडं! वहिनीने शांतपणे विचारलं, की देव्हाऱ्यातला शंख कुणाचा असतो? त्यातलाही प्राणी मेलेलाच ना? आईने थोडा विचार केला, आत जाऊन शंखाकडे एक नजर टाकून आली आणि म्हणाली, "मग ह्यांना लहान शंख म्हणायचं. हाडं नको म्हणूस." त्या दिवशी कुणीही रांगोळी ओलांडली नाही, सगळे अंग चोरून कडेने गेले. संध्याकाळी वहिनीने ब्रश आणि कागद घेऊन जमेल तेवढं कमळ गोळा केलं. मला नंतर तिने सूक्ष्मदर्शकातून ते दाखवलं. अरबी समुद्राच्या तळाच्या कवचांमध्ये कुंकवाचे कण मोठ्या लाल धोंड्यांसारखे पडले होते. तिच्या संग्रहात एका काचपट्टीवर अजूनही 'पाडवा, दारापुढचा' असं लिहिलेलं आहे, हे मला तिच्या विद्यार्थिनीने, अनुजाने, परवा सांगितलं. त्या घटनेनंतर आई तिच्या कामाला 'शंखांचं काम' म्हणायची, शेवटपर्यंत.

एकदाच ती संशोधनाच्या जहाजावर गेली. तिच्या बरोबरीच्या बायकांत तेव्हा जहाजावर फारशा कुणी जात नसत, आणि आमच्या नातेवाइकांत तर त्यावर महिनाभर चर्चा झाली. आईने चिवडा, लाडू आणि आल्याच्या वड्या बांधून दिल्या. आल्याच्या वड्या तेवढ्या उपयोगी पडल्या, कारण वहिनीला पहिल्या दिवसापासून बोट लागली ती लागलीच. बादली घेऊन पडून होती. मात्र तळात खुपसलेली नळी चिखलाचे थर जसेच्या तसे घेऊन वर आली की उठायची. परत आल्यावर तिने आम्हाला समुद्राचं वर्णन काहीच सांगितलं नाही, सांगितलं ते चिखलाच्या थंडपणाचं. वर डेकवर ऊन रणरणत असताना नळी उघडली आणि तिने त्यात हात घातला, तर बर्फासारखा गार. "तिथे वरची दुपार कधी पोचलेलीच नाही गं," म्हणाली. हे सांगताना तिने माझा हात धरला होता, आणि मला खरोखर गार वाटल्याचं आठवतं.

त्याच चिखलात तिला ते सापडलं. ते म्हणजे एक मऊ पिशवी, जेमतेम दिसेल एवढी, आत स्वच्छ गुलाबी. इतक्या खोलीवरच्या, इतक्या अन्नावाचूनच्या चिखलात तसं काही जिवंत असेल अशी तिची अपेक्षा नव्हती. तोवर माझं लग्न होऊन मी ठाण्याला कोपरीत राहायला आले होते, माझं घर स्टेशनपासून जवळ, त्यामुळे कॉलेज सुटलं की ती पुष्कळदा पुलावरून इकडे उतरून माझ्याकडे येई. एक दिवस आली तेव्हा चहा निवून गेला तरी तिला भान नव्हतं. तिच्या काळ्या पाटीवर चौकोन आखलेले असत, त्यातल्या सगळ्यांवर इंग्रजीत काही आकडे-अक्षरं, फक्त कोपऱ्यातल्या एकावर मराठीत 'शंका' असं लिहिलेलं. ज्याचं काही सांगता येत नाही ते तिथे. ती गुलाबी पिशवी पहिले कित्येक दिवस त्या चौकोनात होती. दोनदा पाहायचं, मधे चहा प्यायचा, मग तिसऱ्यांदा पाहायचं, अशी तिची पद्धत. शेवटी त्या दिवशी तिने तिला उचलून 'जिवंत'मध्ये ठेवलं होतं.

तिने लेख लिहिला. परदेशात एका परिषदेला येऊन याबद्दल बोला, असं बोलावणं आलं. घरात आनंदीआनंद. दादा तेव्हा एका कंपनीत इंजिनियर, कामातून डोकं वर न काढणारा माणूस, पण त्याने रजा टाकली आणि दोघांसाठी एक भलीमोठी लाल बॅग आणली. स्वतःसाठी लोकरीचा कोटही शिवून घेतला. डोंबिवलीत लोकरीचा कोट घालून त्याने आरशासमोर उभं राहून आईला दाखवलं होतं. मला ते आठवलं की अजून हसू येतं आणि त्यापाठोपाठ डोळे भरतात.

जायला थोडे दिवस राहिलेले असताना वहिनीने त्याच नळीतला खालचा चिखल बघायला घेतला. गरज नव्हती, लेख झालेला होता. पण ती बघत राहिली, आणि खूप खालच्या, पूर्वीच गाडल्या गेलेल्या थरात, जिथे काही जगणं शक्यच नाही अशा ठिकाणी, तिला तशीच एक पिशवी मिळाली. तीही गुलाबी.

त्याचा अर्थ तिने मला कोपरीच्या माझ्या स्वयंपाकघरात समजावून सांगितला. रंग चढतो तो पेशीच्या द्रवावर. पण त्या थंडीत, त्या खोलीत, जीव गेल्यावरसुद्धा तो द्रव कित्येक महिने, कदाचित वर्षंही तसाच राहत असेल. सडायचीही तिथे कुणाला घाई नाही. मग खालची जर मरून गाडली गेल्यावरही गुलाबी दिसते, तर वरची जिवंत होती हे कशावरून? तिने लेख मागे घेतला होता, परिषदेला येत नाही असं कळवलं होतं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका ज्येष्ठाने तिला समजावलं, की खालचा थर कोण बघायला येणार आहे? मी काही बोलणार इतक्यात दादा आला. तो तिला शोधत सरळ ऑफिसातून आलेला, आणि रागावलेला. दारात उभा राहून, चप्पलही न काढता तो म्हणाला, "ते खालचं तू एकटीनेच पाहिलंस ना? मग?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं.  "शरद, मला ती जिवंत हवी होती, म्हणून मला ती जिवंत दिसली. एवढंच झालंय."

 दोघं गेली. लाल बॅगेत पुढे रजया भरून ती माळ्यावर गेली, अजून तिथेच आहे. कोट मात्र दादाने महाबळेश्वरला नेऊन घातला आणि सगळ्यांना सांगत सुटला की थंडी काही खास नव्हती. वहिनी नंतर परदेशात कधीच गेली नाही. काम सुरू राहिलं, मुलं शिकत राहिली, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाच्या पाटीवर कोपऱ्यात 'शंका'चा चौकोन असतो म्हणे. दादा-वहिनीला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल तिच्या मनात काय होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मी तिची नणंद असल्यामुळे विचारलं नाही. मैत्रीण असते तर विचारलं असतं का, कोण जाणे. आई गेली तेव्हा तिने आईच्या उशाशी ठेवलेला देव्हाऱ्यातला शंख पुसून पुन्हा जागेवर ठेवला, एवढं आठवतं.

निवृत्तीनंतर ती घरी काम करू लागली. अनुजा तिला बाटल्या आणून द्यायची, ही निवडून परत करायची. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पाठ दुखायची, तरी सकाळचे दोन तास टेबलाशी. त्या सकाळीही तशीच बसलेली होती. दादा दूध तापवत होता. त्याला काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तो गेला तर ती जमिनीवर, आणि ब्रश हातातच.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचले तेव्हा ती यंत्राच्या श्वासावर होती. तिथल्या डॉक्टर मुलीने आम्हाला बाजूला घेऊन समजावलं, अतिशय नीट, एकही शब्द न लपवता. मेंदूचं काम थांबलं आहे असं आम्हाला वाटतं, ती म्हणाली, पण आम्ही तपासण्या करू, मधे काही तास जाऊ देऊ आणि पुन्हा करू. दोन्ही वेळेला तेच आलं तर मग तुम्ही अवयवदानाचा विचार करा, त्यांच्या शरीरातून काहीजण जगू शकतील. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तिचा हात गरम आहे." डॉक्टर म्हणाली, "हो काका, यंत्र चालू आहे तोवर राहील." "छाती हलतेय," दादा म्हणाला. त्याने तिथे कुठलीही सही करायला नकार दिला. पहिली तपासणी झाली, उत्तर तेच आलं, तरी त्याचं एकच, तुम्हाला काय कळतं. मला दादाचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी कीवही कधी आली नव्हती. आयुष्यभर मी मुलांना मराठी शिकवलं, पण त्याला समजावण्यासाठी मला एक वाक्य सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेले तर दादा उभा होता, डोळे चमकत होते. म्हणाला, "सुमे, बघ. बोटं गुलाबी झालीत. काल नव्हती."

मी पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं. आदल्या दिवशी त्या हाताला सलाइनची पट्टी होती, बोटांपर्यंत गुंडाळलेली. रात्रीतून ती सुई दुसऱ्या हाताला लावली होती, म्हणून आता बोटं मोकळी दिसत होती. मला पाहताक्षणी कळलं. त्यालाही कळायला हवं होतं, चाळीस वर्षं तो त्या बोटांनी वाढलेलं जेवला होता. पण त्या क्षणी त्याला ते दिसत नव्हतं. तो माझ्याकडे बघून हसत होता.

त्यानेच सिस्टरला हाक मारली. सिस्टर आल्या, वाकून बघितलं आणि सहज म्हणाल्या, "काका, हे काय लागलंय आजींच्या हाताला?" त्यांनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस घेऊन अंगठा पुसला. कापूस गुलाबी झाला. त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला आणि दुसरा बोळा घ्यायला वळल्या.

दादाने तो कापूस ट्रेमधून उचलला. बराच वेळ हातात धरून बघत राहिला. मग खुर्चीत बसला, आणि माझ्याकडे न बघता, कोपरीच्या स्वयंपाकघरातलं ते वाक्य बोलला, फक्त थोडं बदलून. "मला ती जिवंत हवीय सुमे. म्हणून मला ती जिवंत दिसतेय."

सिस्टर उरलेली बोटं पुसायला लागल्या तेव्हा त्याने त्यांना थांबवलं. राहू द्या, म्हणाला. दुसरी तपासणी झाली, उत्तर तेच आलं, आणि त्याने सही केली.  तिच्यातलं जे काही दुसऱ्यांच्या उपयोगी पडण्यासारखं होतं ते त्याच दिवशी त्यांच्याकडे गेलं. ते कोण हे आम्हाला माहीत नाही, सांगतही नाहीत. तिला स्मशानात नेताना मी तिचा हात पदराखाली घेतला. तो आता गार होता, आणि दोन बोटं अजून गुलाबी होती.

मागच्या रविवारी मी डोंबिवलीला गेले होते. अनुजा आदल्या दिवशी येऊन सगळं घेऊन गेली होती, सूक्ष्मदर्शक, बाटल्या, काचपट्ट्या, काळी पाटी, सगळे ब्रश. दादाने स्वतः हाताने बांधून दिलं, एकही वस्तू मागे ठेवली नाही. तिच्या कामाचं आहे, कामाला लागू दे, म्हणाला. टेबल पुसून लख्ख केलेलं होतं, वर काहीच नव्हतं. बाहेर ऊन असं की गॅलरीच्या कठड्याला हात लावता येत नव्हता. दादा त्या टेबलाशेजारी बसून पेपर वाचत होता, बनियन भिजलेला, कपाळावरून घाम ओघळतोय. मला बघवेना. मी म्हटलं, अरे, आता तरी लाव की पंखा. आणि भिंतीवरच्या बटणाकडे गेले. त्याने पेपर खाली केला नाही. "राहू दे गं," एवढंच म्हणाला.

मी हात मागे घेतला आणि त्याच्या शेजारी बसले.  वारा कारखान्यांच्या बाजूने येत असावा, तो ओळखीचा वास आला, नाकात हुळहुळलं. मला शिंक येऊ लागली. टेबल रिकामं होतं, उडून जाण्यासारखं त्यावर काही नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी पदर तोंडाला लावला, उठले आणि धावत गॅलरीत गेले.